दुर्मिळ मराठी आडनावाचं मूळ कसं शोधायचं, आणि आपण नक्की किती जण आहोत ते कसं मोजायचं

ज्यांचं आडनाव जोशी, शिंदे, पाटील आहे त्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही, पण आडनाव सांगितल्यावर समोरचा माणूस "काय म्हणालात? परत सांगा" असं ज्यांना म्हणतो त्यांना तो लहानपणापासून पडलेला असतो, की हे आलं कुठून आणि आपल्या घराशिवाय अजून कुणाचं आहे का. माझंही आडनाव असंच आहे, शाळेत कॉलेजात नोकरीत कुठेच दुसरा भेटला नाही, म्हणून काही वर्षांपूर्वी शोधायला लागलो आणि त्यात ज्या गोष्टी आधी कळल्या असत्या तर दोन वर्षं वाचली असती त्या इथे लिहितोय.

पहिली गोष्ट, आडनावाचा अर्थ शोधायला बसू नका. सगळे तिथूनच सुरुवात करतात, मीही केली. आडनावात संस्कृत शब्द शोधायचा, मग त्याला एखादी राजाची नाहीतर लढाईची गोष्ट जोडायची, आणि घरात कुणीतरी मोठ्यांनी तशी गोष्ट आधीच सांगितलेली असते त्यामुळे ती खरी वाटते. अर्थ सगळ्यात शेवटी बघायचा. आधी गाव, मग भावकी, मग कागद, आणि मग अर्थ. कारण आडनाव हे बहुतेक वेळा दुसऱ्यांनी हाक मारायला पाडलेलं नाव असतं, ते कुठे आणि कधी पाडलं हे कळलं की अर्थ आपोआप कळतो, आणि ते कळत नसेल तर अर्थ निव्वळ अंदाज राहतो.

दुसरं, आडनाव कायमचं एकच असतं हा समज काढून टाका. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे भट. नाना फडणवीस मूळचे भानू. सरदार रास्ते मूळचे गोखले, विंचूरकर मूळचे दाणी, आणि गोविंदपंत खेर बुंदेलखंडात गेले तर इतिहासात गोविंदपंत बुंदेले झाले. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यावरून आंबडवेकर आणि शाळेच्या रजिस्टरात आंबेडकर. दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर घेतलं. मग आपल्या घरात तीनचार पिढ्यांपूर्वी हे झालेलं नसेल कशावरून? दुर्मिळ आडनावाचं सगळ्यात कॉमन कारण मला तरी हेच दिसलंय, की मूळ आडनाव अगदी साधं आणि भरपूर लोकांचं असतं, त्यातलं एकच घर कुठेतरी जातं किंवा कसलंतरी काम मिळवतं आणि त्याच्यापुरतं नवं आडनाव पडतं. म्हणजे आडनाव दुर्मिळ असलं तरी घराणं दुर्मिळ असेलच असं नाही.

आता सुरुवात. वही घ्या आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा, आणि "आपलं आडनाव कसं पडलं" हे विचारू नका, कारण ते विचारलं की गोष्ट मिळते. हे विचारा: आपलं सुतक कुणाकुणाला लागतं? हा प्रश्न सोन्यासारखा आहे. कारण सुतक लोक उगाच पाळत नाहीत, दहा दिवसांचं सुतक ज्यांना लागतं ते भावकीतले, आणि त्यात एखादं घर वेगळ्या आडनावाचं निघालं तर तुमचं मूळ आडनाव तिथे सापडण्याची शक्यता खूप आहे. आमच्यात असं एक घर निघालं, आजी सहज म्हणाली की "ते आपल्यातलेच, सुतक धरतात," आणि मी तोपर्यंत सहा महिने शब्दकोश चाळत होतो.

त्याच बैठकीत अजून विचारून घ्या, कुलदैवत कोण आणि कुठलं, देवक काय (म्हणजे लग्नात पुजायचं घराण्याचं झाड किंवा खूण, पंचपालवी, कळंब, मोरवेल, जे असेल ते), गोत्र सांगत असतील तर ते, लग्नं कुठल्या आडनावात होत नाहीत, गावच्या जत्रेत आपला मान कसला आहे किंवा होता, आणि पडकं का होईना घर कुठे होतं. ह्यातलं देवक आणि "ह्या आडनावात आपण सोयरीक करत नाही" हे दोन फार उपयोगाचे, कारण आडनाव बदललं तरी घराणी हे नियम पिढ्यानपिढ्या पाळतात. कुलदैवत जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर असेल तर त्यावरून भाग कळत नाही कारण ती लाखो घरांची आहेत, पण एखादं छोट्या गावातलं अनोळखी कुलदैवत असेल तर शोध तिथूनच सुरू करा. गोव्याकडची मुळं असतील तर अजून बरं, तिथल्या बऱ्याच देवस्थानांकडे महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरेच्या सभासद घराण्यांच्या, याद्या असतात आणि त्यात आडनावं असतात. फक्त लक्षात ठेवा की देव हललेले आहेत, मंगेशीचा देव १५६० मध्ये कुशस्थळीहून म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून तिथे आलाय, त्यामुळे देवळाचं आजचं गाव ते आपलं मूळ गाव असं धरायचं नाही.

आता आडनावाच्या शेपटाकडे बघा, अर्थासाठी नाही, भाग कळण्यासाठी.

"कर" असेल तर गावावरून. पण ह्यात एक गोष्ट नीट समजून घ्या, आणि ही न समजल्यामुळे लोक निराश होऊन सोडून देतात. गावात राहणाऱ्या माणसाला कुणी त्या गावाच्या नावाने हाक मारत नाही, सगळेच त्या गावचे असतात ना. पेणमधून बाहेर पडून दुसरीकडे गेलात की तिथले लोक तुम्हाला पेणकर म्हणणार. म्हणजे गाव सापडलं आणि तिथे तुमच्या आडनावाचं एकही घर नाही, तर ते चुकीचं गाव असं समजू नका, उलट बऱ्याचदा असंच असतं. आडनाव दुसऱ्या गावात पडलंय, आणि ते दुसरं गाव पण तुम्हाला शोधायचंय. (वतनदार आणि सरदार घराण्यांचं वेगळं, ते गावाचं नाव लावून त्याच गावात राहिलेले दिसतात.)

आणि "कर" वरून जात धर्म ठरवू नका. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची आडनावं अशीच गावांवरून, केहीमकर, नवगावकर, आणि कोकणी मुसलमानांमध्येही भरपूर कर आहेत. तेच आडनाव चार समाजांत सापडलं तर त्याचा अर्थ एवढाच की चार वेगवेगळी घरं वेगवेगळ्या वेळी एकाच गावातून बाहेर पडली.

गाव शोधताना २०११ च्या जनगणनेची जिल्हानिहाय गावांची यादी घ्या, राज्यात चाळीस हजारांवर गावं आहेत आणि त्यात एकाच नावाची पाच दहा गावं सहज सापडतात. बुद्रुक आणि खुर्द आडनावात येत नाही ते गळतं. यादीत गाव नसेल तरी थांबू नका, महसूल खात्याच्या कागदात "बेचिराख" असा शेरा असलेली गावं असतात, म्हणजे शिवार आहे जमिनीची नोंद आहे पण वस्ती कधीच उठली, दुष्काळात, साथीत, लुटालुटीत. कोयना, जायकवाडी, उजनीच्या पाण्याखाली गेलेली गावं पण आहेत. तलाठ्याला विचारलंत तर शेजारच्या बेचिराख गावांची नावं त्याला माहीत असतात. ब्रिटिश काळातली जिल्हा गॅझेटिअरं पण ह्यासाठी चांगली, जुनी स्पेलिंगं सापडतात.

"णीस" किंवा "नीस" असेल तर ते फारसीतलं नवीस, म्हणजे लिहिणारा: चिटणीस, फडणीस, पारसनीस, सबनीस, पोतनीस. "दार" पण फारसी, जामदार, किल्लेदार, पोतदार. ही कामाची नावं आहेत, आणि काम म्हणजे नेमणूक, नेमणूक म्हणजे कागद, त्यामुळे अशा आडनावांचा माग लागायची शक्यता जास्त. पण एकच हुद्दा शेकडो ठिकाणी होता, त्यामुळे दोन पोतदार एकमेकांचे कुणीही नसतील हे पण खरं. "वार" असेल तर चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेड ह्या पट्ट्यात बघा, तो तेलुगूतला आदराचा प्रत्यय आहे आणि त्याच्या आधीचा शब्द पण तेलुगू असू शकतो, मराठी शब्दकोशात तो मिळणारच नाही. नंदुरबारकडे पाडवी, वसावे, वळवी, गोंडांमध्ये मडावी, आत्राम, ही तर मुळात कुळाची नावं आहेत आणि गोंडांमध्ये सहा देवे सात देवे अशी देवांच्या संख्येवरून कुळं जोडलेली असतात, तिथे गावावरून शोधण्यापेक्षा कुळातल्या जाणत्या माणसाला विचारणं बरोबर.

आणि मग ती दहातोंडे, एकबोटे, सातपुते, वाघमारे टाइपची आडनावं. ही टोपणनावं, एका माणसावरून पडलेली, आणि प्रत्येकाची गोष्ट सांगायला घरात कुणीतरी असतंच. ती गोष्ट लिहून ठेवा पण "घरात असं सांगतात" असं म्हणून लिहा.

कागदांचं आता. मागे मागे जायचं, उडी मारायची नाही. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, मग आजोबांचा, ती शाळा चालू असेल तर तिथलं जनरल रजिस्टर, त्यात आजोबांचं गाव आणि कधीकधी आडनावाचं वेगळंच रूप मिळतं. मग गावचे कागद. सातबारावर फक्त आजचे खातेदार असतात, खरी मजा फेरफारात आहे, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल लिहायची वही, गाव नमुना ६, कारण तिथे वारस नोंदीत "अमुक मयत, वारस मुलगे तमुक" असं पूर्ण कुटुंबच लिहिलेलं असतं. जुने स्कॅन केलेले फेरफार बऱ्याच जिल्ह्यांचे सरकारच्या आपले अभिलेख साइटवर फी भरून मिळतात, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज. जन्ममृत्यूची जुनी नोंद म्हणजे गाव नमुना १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हापासून हे जुने कागद मोठ्या प्रमाणात बाहेर काढून स्कॅन झाले आणि जिल्ह्यांच्या साइटवर टाकले गेले, तुमचं आरक्षणाशी काही देणंघेणं नसलं तरी ती पानं चाळा, आडनावांचा खजिना आहे.

एका सरकारी ऑफिसात मला सांगितलं गेलं की अशा नोंदी अस्तित्वातच नाहीत आणि मी परत आलो, आठ महिन्यांनी दुसऱ्या माणसाने त्याच खोलीतून त्याच कपाटातून त्या काढून दिल्या. त्यामुळे एकदा नाही म्हटलं की संपलं असं मानू नका, रजिस्टरचं नाव, नमुना नंबर आणि साल लिहून अर्ज द्या.

मागे गेलात की मोडी, म्हणजे मराठी लिहायची जुनी लिपी, लागणार. मराठवाड्यात निजामाचा काळ आहे, १९४८ पर्यंतचे कागद उर्दूत पण असतात. मोडी दोनतीन महिन्यांत वाचण्यापुरती येते, पण आडनावांसाठी तिची एक अडचण माहीत पाहिजे, मोडीत ऱ्हस्व दीर्घ पाळलेलं नसतं, अनुस्वार बऱ्याचदा गाळतात, आणि शब्द सलग लिहितात त्यामुळे नाव कुठे संपलं आडनाव कुठे सुरू झालं हे कळत नाही. दुर्मिळ आडनाव असेल तर वाचणारा त्याला ओळखीचं आडनाव समजून तसंच लिहून देतो, आमच्या एका कागदाचं असंच झालं होतं. म्हणून लिप्यंतर कुणाकडून करून घेतलंत तरी आडनावाचा शब्द स्वतः बघा.

आणि अजून मागे गेलात की आडनावच गायब होतं. "अमुक बिन तमुक पाटील मोकदम मौजे फलाणे" असं लिहिलेलं असतं, बिन म्हणजे मुलगा, संपलं. ब्रिटिशांनी १८३६ पासून इंदापूरकडून जमिनीची मोजणी करून खाती लावली, मग शाळा आल्या, कोर्ट आलं, पेन्शनी आल्या, तेव्हा प्रत्येकाला कायमचं आडनाव लागायला लागलं. म्हणून १७५० च्या कागदात आपलं आडनाव नाही मिळालं तर त्याचा अर्थ पूर्वज तिथे नव्हते असा होत नाही, तिथून पुढे गाव, वतन आणि बापाचं नाव ह्यावरच माग काढायचा.

पेशवेकालीन काही असेल असं वाटत असेल तर आधी छापलेलं बघा. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या "मराठ्यांच्या इतिहासाची साधने"चे २२ खंड, इतिहासकार गो. स. सरदेसायांनी काढलेले पेशवे दफ्तरातले ४५ खंड, ह्यांत आधी शोधा आणि मगच पुण्याच्या पुराभिलेखागारात नाहीतर भारत इतिहास संशोधक मंडळात जा. सरळ जाऊन "माझ्या आडनावाचा कागद द्या" म्हटलं तर तिथे हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत, कोण काय देणार? परगणा, गाव आणि साधारण साल घेऊन जायचं.

क्षेत्राच्या ठिकाणच्या उपाध्यांच्या वह्या, ज्यात येणाऱ्या यात्रेकरूंची नावं लिहून ठेवतात, त्या विसरू नका, नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण, काशी, गया. ह्या वह्या मूळ गाव आणि आडनावावरून वाटलेल्या असतात, म्हणून तिथे उतरल्यावर तुमच्या गावचे उपाध्ये कोण हे आधी विचारावं लागतं. तिथे खापरपणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाव मिळू शकतं, आणि आडनाव बदलण्याच्या आधीचं मिळू शकतं. कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या बाजूचे असाल तर हेळव्यांना गाठा, पिढ्यानपिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे लोक आहेत, सुगीनंतर गावात येतात आणि अख्खी वंशावळ म्हणून दाखवतात. त्यांना मान द्या, मानधन द्या, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. हे ज्ञान झपाट्याने चाललंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता मोजणी, आपण किती जण आणि कुठे. जनगणनेत आडनावाचा आकडा मिळत नाही, गणनेच्या वेळी नाव लिहून घेतात पण १९४८ च्या जनगणना कायद्याने ते कागद गोपनीय आहेत. त्यामुळे इंटरनेटवर कुठे तुमच्या आडनावाचे "जगात इतके लोक" असं दिसलं तर तो अंदाज असतो. आणि तो अंदाज रोमन स्पेलिंगवर असतो हे अजून वाईट. रोमन लिपीत ट आणि त एकच, ड आणि द एकच, ठ आणि थ एकच, ळ आणि ल एकच, आ आणि अ पण एकच. म्हणजे दाते आणि डाटे एकाच खात्यात, काळे आणि काले एकाच, आणि त्यात दुसऱ्या देशातलं त्याच स्पेलिंगचं आडनाव पण मिसळतं, मग नकाशावर आपलं आडनाव इटलीत नाहीतर आफ्रिकेत दिसतं आणि लोक खूश होतात. ते बाजूला ठेवा.

मतदार याद्या वापरा. केंद्रवार पीडीएफ असतात आणि बहुतेक फोटोसारख्या स्कॅन असल्यामुळे त्यात सर्च चालत नाही, डोळ्यांनीच वाचायच्या. अख्खा जिल्हा वाचणं अशक्य आहे म्हणूनच आधी गाव शोधा म्हटलं. मूळ गाव आणि आजूबाजूची दहा बारा गावं एवढंच घ्या. त्याआधी एक सोपं काम, महाभूलेख साइटवर सातबारा शोधताना गट नंबरऐवजी आडनाव टाकायची सोय आहे, गाव निवडून आडनाव टाका, एका संध्याकाळी अख्खा तालुका होतो. जमीन नसलेले त्यात येत नाहीत पण घरं कुठल्या गावांत आहेत ते कळतं, मग त्याच गावांच्या मतदार याद्या उघडा. समाजाच्या वधूवर परिचय पुस्तिका पण घ्या, त्यात आडनाव, मूळ गाव, देवक किंवा गोत्र आणि सध्याचं शहर एकाच ओळीत असतं.

मोजताना माणसं मोजू नका, घरं मोजा. मतदार यादीत अठरा वर्षांखालचे नसतात, लग्न होऊन आलेल्या सुना असतात आणि लग्न होऊन गेलेल्या मुली नसतात. घर क्रमांक आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ह्यावरून घर बांधा, आणि मग त्या घरांना भावकीच्या गटात जोडा. आम्हाला शेवटी ३१ घरं मिळाली, दोन गट, दोघांची देवकं वेगळी. म्हणजे एकच आडनाव पण दोन वेगळी घराणी, ज्यांचा एकमेकांशी रक्ताचा काही संबंध नाही, आणि हे कुठल्याच सर्च इंजिनने सांगितलं नसतं.

महाराष्ट्राबाहेर पण बघायचं, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, सागर इकडे आडनाव टिकलेलं असतं. तंजावरकडे मात्र बऱ्याच मराठी घरांनी आडनाव सोडून राव लावलं, तिथे आडनावाने शोधून काही मिळत नाही. मॉरिशसला १८३४ पासून मजूर गेले त्यात कोकणातले मराठी होते, तिथे कारकुनाने लिहून घेतलेलं माणसाचं पहिलं नावच पुढे आडनाव झालं असं खूप आहे, ती जुनी रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत.

काही घरं सापडणारच नाहीत कारण ती संपली. आडनाव मुलाकडून पुढे जातं, एका पिढीत फक्त मुली झाल्या की ती फांदी थांबते, छोट्या घराण्यात हे दोन तीनदा झालं की आडनावच जातं. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये हाच प्रश्न गणितात मांडला होता. दत्तक गेल्यामुळेही आडनाव जातं आणि दत्तक आल्यामुळे टिकतं. अलीकडे आडनाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नाव बदलाच्या जाहिराती असतात, तिथे जुनं नवं दोन्ही मिळतं. म्हणून वंशावळ बनवताना मुलींच्या फांद्या तोडू नका, पूर्ण लिहा, त्यांच्या मुलांना आडनाव वेगळं असलं तरी कित्येकदा कागद, फोटो, पत्रं मुलींच्याच घरी सांभाळलेली असतात, आमच्याकडचा सगळ्यात जुना कागद आत्याच्या नणंदेकडे पेटीत होता.

आता अर्थाकडे या. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते कर्वेंचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. आडनाव ज्या भागात पडलं त्या भागातली बोली लक्षात घ्या, शेतीच्या अवजारांची, झाडांची, जमिनीच्या प्रकारांची, मापांची नावं आधी बघा, कारण गावात टोपणनावं त्यातूनच पडतात. कागदात मिळालेलं सगळ्यात जुनं रूप घेऊन शोधा, आजचं स्पेलिंग घेऊन नाही. दोन अर्थ लागत असतील तर दोन्ही लिहा.

सगळी माहिती एका शीटमध्ये ठेवा, प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून मिळाली, कागद की तोंडी, आणि तारीख. जिवंत माणसांचे फोन, जन्मतारखा, पत्ते भावकीच्या ग्रुपवर टाकू नका, फक्त नाव, गाव आणि नातं टाका. म्हाताऱ्या माणसांकडे आधी जा, कपाटातले कागद पुढच्या वर्षीही तिथेच असतील.